नख

मौलालीमामा टायरला आधी नख लावतो.
मग वास घेतो,
नान्ना सुताच्या कोनाचा घ्यायचा तसा, डोळे मिटून.
"दगड झालाय," म्हणतो, आणि भिंतीकडे लोटतो.
टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले,
कितवा आठवडा, कुठलं साल.
"पाच वर्षं गोदामात झोपलाय हा.
नवा दिसतोय. नवा नाही."

अक्कलकोट रोडला, आमच्या टॉवेलच्या शेडमागे
चार वर्षं जोडत होते मी ही गाडी.
नळ्यांचा सांगाडा, दोन सीटा, दारं नाहीत.
वाइंडिंगच्या बायका अजून विचारतात,
छप्पर कधी घालणार?

मला रुंद टायर हवे होते,
जवळजवळ गुळगुळीत, शर्यतीतले.
फोटो काढून ठेवले होते मोबाइलमध्ये.
"काय बघुलालीस त्यात," मामा म्हणाला,
"वजन सांग की आधी गाडीचं."

मग सुताच्या गाठी तोलायचे चार काटे
एकेका चाकाखाली.
मी आत, हेल्मेट मांडीवर.
"श्वास धरून बसू नको, पद्मजा,
त्यानं काटा फसत नाही."
सहाशे एक्केचाळीस किलो, माझ्यासकट.
डावं पुढचं चाक सगळ्यात हलकं: एकशे सव्वीस.
मामा त्या आकड्याजवळ बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

"रुंद रबर तापायला वर ओझं लागतं, पोरी.
तुझी गाडी त्याच्यावर नुसती बसणार.
गार टायर रस्ता धरत नाही,
ओळख दाखवतो फक्त."

हे मला टॉवेलवरून कळलं.
घट्ट पिळाचं सूत वर्षानुवर्षं टिकतं
आणि पाणी अंगावरून ढकलत राहतं.
सैल पिळाचं पितं, पितं, आणि लवकर विरतं.
गिऱ्हाईक दोन्ही मागतं, भाव तिसऱ्याचाच देतं.
मी तेच गिऱ्हाईक झाले होते.
कोइमतूरच्या ट्रॅकवर जायचं ते याच टायरवर,
परत यायचं तेही याच टायरवर, ट्रेलर नाही,
मध्ये विजापूरपर्यंतचे खड्डे,
टोलनाक्याअलीकडचे ते हाडं मोजणारे पट्टे,
आणि कुठंतरी एखादी सर, जिच्यासाठी खाचा लागतात.

मामानं एका बिलामागे लिहिलं: एकशे पंच्याऐंशी.
मी सव्वादोनशेची स्वप्नं बघत होते.
मऊ जातीचे, पातळ कुशीचे, हैदराबादेहून
अकरा दिवसांनी रात्रीच्या बसच्या डिकीतून आले,
कुणाच्या तरी लग्नातल्या पातेल्यांखालून.
नख लावलं. नख रुतलं.
मामानं पहिल्यांदा काही म्हटलं नाही.

"हवा वीसच. पंपावरचा पोरगा बत्तीस भरुलाला तर
हात धर त्याचा.
आणि आपल्याकडं मेमध्ये अर्धं काम डांबरच करतं,
पहिली वळणं सबुरीनं घ्यायची ती थंडीत."

शिलाईच्या टेबलावरचा खडू घेऊन
प्रत्येक टायरच्या खांद्यावर मी तीन रेघा ओढल्या,
तो छोटा त्रिकोण असतो ना, त्याच्या खालपर्यंत.
पहाटे बायपासच्या रिकाम्या चौकात
गोल, गोल, पुन्हा उलटं गोल.
तीन चाकांवर खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला,
तिथंच थांबला.
डाव्या पुढच्यावर तसाच, पांढराफेक.

"ते अजून विचार करुलालंय," मामा म्हणाला.
"ट्रॅकवर एकटी असशील, तेव्हा बॅटरी त्या बाजूला सरकव."
मग चपला काढल्या, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून
आधी आत ठेवला, मागून स्वतः आला,
डावीकडच्या सीटवर, जिथं आजवर कुणी बसलं नव्हतं.
टोपी दातांत धरली.
"चल. आता बघू खडू."